बंद झालेल्या मॉडेलची भारी दुर्बीण पडून बिघडली. दुरुस्त करावी, तसंच जुनं मॉडेल शोधावं की नवी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वडिलांची झाइस डायलिट 7×42 (सात पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं) दुर्बीण खाली पडली. तेव्हापासून एकाच्या दोन प्रतिमा दिसतात, डाव्या नळीत धूसरही वाटतं. दुकानदार म्हणतो, "हे मॉडेल कधीच बंद झालं, आता याचं काही होत नाही, नवीन घ्या." तुम्ही शहाद्याकडचे, तोरणमाळच्या बाजूला पक्षी बघायला जाता.

मी भुसावळचा. हिवाळाभर हतनूर धरणाच्या काठावर असतो, त्यामुळे मित्रांच्या जुन्या-नव्या दुर्बिणी सतत हाताखालून जातात. माझं मत स्पष्ट आहे. मॉडेल चालू आहे की बंद, हे आधी बघायचंच नाही. या बिघाडाला नवा सुटा भाग लागतो का, एवढंच आधी ठरवायचं. पडल्यामुळे दोन प्रतिमा दिसतात तेव्हा बहुतेक वेळा प्रिझम किंवा पुढचं भिंग जागेवरून किंचित हललेलं असतं. ते परत जागेवर आणायला लागतो तो कारागिराचा हात, कंपनीचा भाग नव्हे. धूसरपणाचंही तसंच. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत दुर्बीण राहिली की आतलं जुनं ग्रीस उन्हाने पातळ होतं, त्याची वाफ भिंगांवर बसते. ते साफ होतं. भाग लागतो तो प्रिझमचा कोपरा उडाला, फोकसचे आटे गेले किंवा बुरशीने भिंगावरचा थर (कोटिंग) खाल्ला तर.

घरीच दोन गोष्टी तपासा. सकाळी ऊन चढायच्या आत, हवा थरथरायला लागण्यापूर्वी, लांबच्या विजेच्या तारेवर दुर्बीण रोखा. फोकस नीट करा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून चार-पाच बोटं मागे घ्या. दोन वेगळी वर्तुळं दिसू लागतील. दोन्ही वर्तुळांत तार एकाच उंचीवर असायला हवी. एकात वर आणि दुसऱ्यात खाली असेल तर अलाइनमेंट गेलेलं आहे. आडवा फरक डोळा थोडाफार सांभाळून घेतो, उभा फरक अजिबात घेत नाही. अशी दुर्बीण "चालतंय की" म्हणून वापरत राहू नका, डोकं धरतं.

दुसरी तपासणी अंधाऱ्या खोलीत. पुढच्या भिंगातून टॉर्चचा प्रकाश टाका आणि आयपीसकडून (डोळ्याकडच्या भिंगातून) तिरकं बघा. सगळीकडे सारखा पातळ थर दिसला तर ग्रीस. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर बुरशी. ती आम्ल सोडते, त्यामुळे जितका उशीर कराल तितकं कोटिंग जातं. काठाजवळ इंद्रधनुषी रंगाचा डाग असेल तर चिकटवलेली भिंगं सुटू लागली आहेत आणि ते काम खर्चाचं आहे.

आता कोणाकडे द्यायची? जिल्ह्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजीचे मायक्रोस्कोप, सर्वेचे थिओडोलाइट दुरुस्त करणारे कारागीर असतात. पूर्व जर्मनीतल्या येनाची 8×30 डेल्ट्रिन्टेम किंवा जेनॉप्टेम असेल तर मी बिनधास्त त्यांच्याकडे पाठवीन. ती पोरो प्रिझमची, खांदे रुंद असलेली दुर्बीण. तिची बांधणी साधी असते. तुमची मात्र रूफ प्रिझमची, सरळ नळ्यांची आहे. तिच्या प्रिझमची छपरासारखी धार अत्यंत काटेकोर घासलेली असते, आणि ते जागेवर बसवताना जराही कमी-जास्त चालत नाही. ज्याच्याकडे कोलिमेटर (दोन्ही नळ्या समांतर आहेत का ते मोजायचं उपकरण) नाही त्याला ही उघडू देऊ नका. ज्याच्याकडे आहे त्यालाही विचारा, की दोन नळ्यांमधलं अंतर कमी-जास्त केल्यावरही प्रतिमा जुळलेली राहील का? काही जण फक्त स्वतःच्या डोळ्यांच्या अंतराला जुळवून देतात. मग तुमच्या डोळ्यांना पुन्हा दोन दिसतात.

शिवाय ही दुर्बीण दुरुस्तीच्या लायकीची आहे. डायलिट 7×42 मध्ये आबे-कोनिग या प्रकारचे रूफ प्रिझम असतात. त्यात प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने वळतो, आरशाचा मुलामा लागतच नाही. श्मिट-पेचान या दुसऱ्या प्रकारच्या रूफ प्रिझमच्या जुन्या दुर्बिणींत एका पृष्ठभागावर असा मुलामा असतो आणि तिथे प्रकाश थोडा कमी होतो. तुमच्या दुर्बिणीत ती अडचण नाही. हजार मीटरवर 150 मीटर रुंद दृश्य आजही कमी दुर्बिणींत मिळतं.

म्हणून पहिलं काम: कंपनीच्या सर्व्हिस विभागाला ईमेल. मॉडेल, अनुक्रमांक, दोषाचं वर्णन, टॉर्चच्या उजेडात काढलेले फोटो. आधी अंदाजपत्रक मागा आणि भाग नसल्यास सवलतीत बदली मिळते का तेही विचारा, त्यात कमीपणा नाही. परदेशी पाठवायची वेळ आली तर "दुरुस्तीसाठी, परत येणार" असं कागदोपत्री नोंदवून, अनुक्रमांकासकट पाठवा. अशी नोंद असली की परत येताना कस्टम्सचा कर दुर्बिणीच्या पूर्ण किमतीवर नाही, तर दुरुस्तीचा खर्च आणि जाण्यायेण्याचं भाडं-विमा यांवर लागतो. नोंद नसली तर स्वतःचीच वस्तू नव्याने आयात केल्यासारखी होते. आपल्याकडच्या कुरिअरवाल्यांना हे समजावून सांगावं लागतं, त्यामुळे कागद आधी तयार ठेवा.

अंदाजपत्रक फारच आलं तर तेच मॉडेल जुनं घ्यायचा विचार येईल. त्यात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. झाइसने रूफ प्रिझमसाठी फेज कोटिंग (तपशील ठसठशीत ठेवणारा प्रिझमवरचा थर) 1988 मध्ये आणलं. त्याआधीच्या डायलिटला ते नाही, त्यामुळे बारीक तपशील जरा मऊ दिसतात. दुर्बिणीवर T* (झाइसच्या भिंगांवरच्या कोटिंगची खूण) च्या पुढे P* कोरलेलं असेल तर फेज कोटिंग आहे. विकणारे दोन्हीला "डायलिट क्लासिक, उत्तम स्थिती" म्हणतात आणि किंमतही जवळपास सारखी सांगतात. P* नसेल तर मी घेणार नाही. अनुक्रमांक खरवडलेला असेल तर हातही लावू नका. आणि तार व टॉर्च या दोन्ही तपासण्या स्वतः करता येत नसतील, किमान परत करायची लेखी सोय नसेल, तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. परदेशातून मागवायची तर पूर्ण किमतीवर लागणारी ड्युटी आणि भाडं धरूनच हिशेब करा.

नवी घेतलीच तर "7×42 च हवी" म्हणून अडून बसू नका. पूर्वी रुंद दृश्यासाठी 7 पट घ्यावी लागायची, आता 8 पटीत ते मिळतं. झाइस एसएफ 8×42 हजार मीटरवर 148 मीटर दाखवते, 2020 साली आलेली स्वारोव्हस्की एनएल प्युअर 8×42 तर 159 मीटर. निकॉन मोनार्क एचजी 8×42 ची किंमत यांच्यापेक्षा बरीच कमी, आणि तीही 145 मीटर देते. माझ्या पैशांनी घ्यायची असती तर मी हीच घेतली असती.

जुन्या दुर्बिणीचा एक फायदा मात्र जातो. 42 ला 7 ने भागलं की डोळ्याशी येणारं प्रकाशाचं वर्तुळ 6 मिलिमीटरचं, 8 ने भागलं की सव्वापाच. संध्याकाळच्या अंधुक उजेडात हा फरक जाणवतो, पण डोळ्याची बाहुली तेवढी उघडत असेल तरच. वयानुसार ती कमी उघडते, पन्नाशीनंतर तर हे आवर्जून लक्षात घ्या. आणि तुमच्याकडचा जो पक्षी बघायला लांबून माणसं येतात, तो रानपिंगळा (छोटं घुबड) तर दिवसाच वावरतो. 1997 च्या नोव्हेंबरात तुमच्याच शहाद्याजवळ तो शतकाहून अधिक काळाने पुन्हा सापडला, तोही भरदिवसा, निष्पर्ण झाडावर बसलेला. त्याच्यासाठी 6 मिलिमीटरची गरज नाही. गरज आहे ती दोन्ही नळ्या एकाच जागी बघण्याची.

ईमेलचं उत्तर येईपर्यंत दुर्बीण चामडी केसमधून बाहेर काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कंपनीचं अंदाजपत्रक आलं की आकडा इथेच लिहा, पुढचं त्यावर बोलू.