आर्सेनिकवर सेलेनियमचा उतारा?

प्रश्न : मुलाची बदली पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबादला झाली आहे. तिथल्या हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक असतं म्हणतात. सेलेनियमच्या गोळ्यांनी उतारा पडतो, असं शेजारचे काका सांगतात. पाठवू का?
– एक आई, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, नका पाठवू. काकांचं अगदीच खोटं नाही, हीच तर पंचाईत! १९३८ साली अमेरिकेत मॉक्सन या संशोधकांना उलटंच दिसलं होतं: सेलेनियम असलेलं धान्य खाणाऱ्या उंदरांना आर्सेनिक दिलं, तर सेलेनियमची बाधा कमी होते. पुढे कारण कळलं. यकृतात ग्लुटाथायोन या शरीरातल्याच एका रसायनाच्या मदतीने दोघं एकमेकांना बिलगतात आणि पित्तावाटे बाहेर पडतात. पण ही जोडी लहरी. सेलेनियमच्या काही मिथिलयुक्त (कार्बन-हायड्रोजनचा छोटा गट जोडलेल्या) रूपांशी गाठ पडली, की आर्सेनिक त्यांचं विष वाढवतं. शिवाय मोठ्या माणसाला सेलेनियम लागतं दिवसाला जेमतेम ५५ मायक्रोग्रॅम. ४०० च्या वर सतत गेलं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

मी गंगापूर रोडवर तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. विद्यार्थीही हमखास म्हणायचे, ‘सर, पाणी उकळू की!’ उकळून पाणी आटतं, आर्सेनिक तिथंच राहतं. मुलाला आधी पाणी तपासायला सांगा. लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं, तर त्याने पंपच बदलावा.