अलास्का क्रूझला कोणते बूट न्यावेत?

ताई, अलास्कात जुलैतही पारा 15 अंशांच्या आसपास, आणि तिथल्या केचिकान बंदराला तर पाऊस पाचवीलाच पुजलेला. जाळीदार स्पोर्ट्स शूज घरीच ठेवा. एकदा भिजले की केबिनमध्ये लवकर वाळत नाहीत. घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ हायकिंग बूट घ्या, अर्धा नंबर मोठे, म्हणजे आत लोकरी मोजे मावतात. दुकानात बूट उलटा करून बघा, सोलच्या खाचा खोल हव्यात. केचिकानच्या क्रीक स्ट्रीटवर ओल्या लाकडी फळ्यांवरून चालायचंय, तिथे गुळगुळीत सोल हमखास दगा देतो. नवेकोरे असतील तर निघण्याआधी भाजी आणायला घालून रुळवा. गमबूट? उगाच बॅगेत ओझं. संध्याकाळी जेवायला साधे बंद शूज चालतात. बूट भिजलेच तर आत कागदाचे बोळे कोंबा. हेअर ड्रायर मारू नका, चिकटवलेला सोल सुटतो.