रॅम बदलताना स्थिर विजेची काळजी

प्रश्न : संगणकाची रॅम मी घरीच बदलणार आहे. हाताला झटका बसला नाही, म्हणजे रॅम सुरक्षित आहे असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. साधारण ३००० व्होल्टच्या खालचा स्थिर विजेचा झटका आपल्याला जाणवतही नाही, परंतु काही चिप १०० व्होल्टहून कमी दाबानेही दुखावतात, आणि असा भाग लगेच बंद न पडता पुढे कधीतरी दगा देऊ शकत असल्यामुळे खरे कारण ध्यानातच येत नाही. हिवाळ्यातील कोरड्या हवेत, अंगात लोकरी स्वेटर घालून, तर हे काम करूच नये. मनगटी पट्टा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज तारेवाटे उतरवणारा पट्टा, वापरावा. त्यातील १ मेगाओहमच्या रोधामुळे अंगावरचा विद्युतभार सावकाश उतरतो. पट्टा नसल्यास प्लग काढून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला वरचेवर हात लावावा. रॅम कडांनीच धरावी, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये.