बोनसचे तीन लाख जुन्या डिंकी-कॉर्गी गाड्यांत घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका संग्राहकाकडच्या डिंकी आणि कॉर्गी या ब्रिटिश ब्रँडच्या चाळीस जुन्या धातूच्या खेळण्यातल्या गाड्या तीन लाखांना मिळताहेत. बोनस हातात आहे. पाच वर्षांनी त्या विकून मुलीची कॉलेजची फी भरता येईल का?

फीसाठी नको. हौस म्हणून घ्या, पण चाळीस नको.

लिव्हरपूलचा डिंकीचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, म्हणजे जुना माल वाढणार नाही आणि भाव चढतच राहणार, असं तुम्ही धरलंय. पण घेणारा कोण? बहुतेकदा लहानपणी हीच गाडी हवी असलेला माणूस. १९५०च्या दशकातली ती मुलं आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत, आणि त्यांचे संग्रहही विक्रीला येणारच. पुढची पिढी तितक्याच हौसेनं ते घेईल, यावर मी तरी फीचे पैसे लावणार नाही.

समजा, भाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला. पाच वर्षांनी तीन लाखांचे चार लाख होतील. लिलावाचं कमिशन, कुरिअर, घासाघीस यांत २० टक्के गेले, तर हातात उरतील ३.२० लाख. ७ टक्क्यांची साधी एफडी करापूर्वी ४.२० लाख देते, तेही गिऱ्हाईक न शोधता.

शिवाय भाव ठरतो तो अवस्थेवर आणि खोक्यावर. कॉर्गीची १९६५ची जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन लाखोंनी खपली, त्यामुळे नुसती गाडी दुर्मीळ नाही. मूळ खोका, गुप्त सूचनांचं पाकीट आणि खलनायकाची जादा बाहुली सोबत असेल, तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच डिंकी गाड्यांत तर अशुद्ध मिश्रधातूमुळे तडे जातात आणि शेवटी भुगा होतो. त्यावर इलाज नाही.

अडीच लाख एफडीत टाका. उरलेल्या पन्नास हजारांत खोक्यासकटच्या पाच-सहा निवडा. मालक सुट्या देत नसेल तर सौदा सोडा.

पैसे देण्याआधी प्रत्येक गाडी उलटी करून बघा. तळ जोडणारे रिव्हेट ड्रिल केलेले दिसले तर ती बहुधा खोलून पुन्हा रंगवलेली आहे. तळावरचं नावही वाचा. डिंकीचे काही साचे पुढे कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉईज’ निघाल्या. त्या मला आवडतात, पण डिंकीच्या भावात घेऊ नका.