एमएलएसएस ठीक असूनही स्लज काम करत नसेल तर

तुमच्या सांडपाणी प्रक्रिया प्लांटमध्ये एमएलएसएस (टँकमधल्या स्लजचं, म्हणजे जीवाणूंच्या गाळाचं, लिटरमागे मिग्रॅमधलं वजन) ३५०० आहे, हवा देणारे ब्लोअर तेवढेच चालू आहेत, तरी एरेशन टँकमधला डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मिग्रॅ प्रतिलिटर) २ वरून ५ वर गेला आणि सोबत आउटलेटचा सीओडीही (पाण्यात उरलेल्या घाणीचं माप) वाढला, असं तुम्ही लिहिलंय. नुसता येणाऱ्या घाणीचा लोड कमी झाला असता तर डीओ चढला असता, पण सीओडी वाढला नसता. प्रोबचं कॅलिब्रेशन बरोबर असेल, तर जीवाणूंनी ऑक्सिजन घेणंच कमी केलंय. एमएलएसएसमध्ये हे दिसणार नाही, कारण त्यात माती, मेलेले जीवाणू, जिवंत जीवाणू सगळं एकत्रच तोललं जातं. एमएलव्हीएसएस (त्यातला फक्त सेंद्रिय भाग) काढून माती वगळता येते, मेलेले मात्र त्यातही राहतात.

म्हणून ऑक्सिजन घेण्याचा वेग, म्हणजे ओयूआर मोजा. टँकमधलं ताजं मिश्रण घ्या, हलवून हवा भरा, हवाबंद होणाऱ्या बीओडी बाटलीत काठोकाठ भरा, प्रोब घट्ट बसवा आणि मॅग्नेटिक स्टररवर ठेवून दर मिनिटाला डीओ लिहा. डीओ २ च्या खाली गेल्यावरचे आकडे धरू नका. समजा, ६ मिनिटांत डीओ ६.५ वरून ३.५ वर आला, तर वेग तासाला ३० मिग्रॅ प्रतिलिटर. एमएलव्हीएसएस लिटरला २.५ ग्रॅम असेल तर भागून ग्रॅममागे तासाला १२ मिग्रॅ येतात. साधारण ८ ते २० ही निरोगी पातळी मानतात, पण तुमच्या प्लांटचा चांगल्या दिवसांतला आकडा त्याहून जास्त उपयोगी. नमुना तासभर पडून राहिला तर जीवाणू आतलं अन्न संपवतात आणि आकडा उगाच कमी येतो.

आता खरी चाचणी. रिटर्न स्लजचे (क्लॅरिफायर, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीतून परत येणाऱ्या स्लजचे) दोन सारखे भाग करा. एकात इनलेटचं पाणी घाला, दुसऱ्यात तेवढंच क्लॅरिफायरचं, क्लोरिन घालण्याआधीचं, आणि दोन्हींचा ओयूआर मोजा. अन्न मिळालेल्या भागाचा वेग स्पष्ट जास्त यायला हवा. तो उलट कमी आला, तर इनलेटमध्ये काहीतरी विषारी येतंय. दोन्ही वेग मंद असतील तर स्लजला मार आधीच बसलाय.

सूक्ष्मदर्शकाखालीही लगेच बघा. व्हॉर्टिसेलासारखे देठवाले जीव आणि रोटिफर हलत नसतील तर विषाचा संशय बळावतो. अमोनियाही तपासा, कारण नायट्रिफाय करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू फार नाजूक असतात आणि सावरायला आठवडे घेतात.

तोवर स्लज वेस्टिंग (जादा स्लज बाहेर काढणं) वाढवू नका, संशयित पाणी इक्वलायझेशन टँकमध्ये (येणारं पाणी साठवणाऱ्या टाकीत) थोपवून धरा. दोन्ही वेग इथे टाका. बाहेरून सीड स्लज (दुसऱ्या प्लांटमधला जिवंत स्लज) आणायचा की आहे तोच सावरेल, हे त्यावरून सांगता येईल.