क्लेमची फाइल पहिल्या अडथळ्यापासून

प्रश्न : सांगली जिल्ह्यात रस्त्याचे सरकारी कंत्राट घेतले आहे. विजेचे खांब आणि पाण्याची लाइन हलवायला विभागाने सात महिने लावले. मुदतवाढ देतो म्हणतात, पण सोबत ‘जादा रक्कम मागणार नाही’ असे हमीपत्र हवे. देऊ का?

उत्तर : दिलेत तर पुढे भांडायला फारसे काही उरत नाही. मुदतवाढीने तुम्ही दंडातून सुटता. उभ्या यंत्रांचे आणि बसून राहिलेल्या माणसांचे पैसे हा वेगळा विषय. भारतीय करार कायदा, 1872, कलम 55 पाहा. समोरच्याने वेळ चुकवल्यावरही तुम्ही पुढची तारीख मान्य करणार असाल, तर मान्य करतानाच भरपाई मागणार असल्याचे कळवावे लागते. म्हणून मुदतवाढ घेताना पत्रात लिहा : ‘भरपाईचा हक्क राखून स्वीकारत आहोत.’ हमीपत्राशिवाय अर्जच घेत नसतील, तर तेही त्याच आठवड्यात लेखी कळवा. प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का मिळत नसेल तर स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही करा. साहेबांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला अंगठा म्हणजे पोच नव्हे.

आणि हे सगळे करण्याआधी निविदा उघडा. ‘विलंबाबद्दल फक्त मुदतवाढ, भरपाई नाही’ असे कलम असेल तर वाट बरीच अवघड आहे.

प्रश्न : सल्लागार म्हणतो, विलंबात बुडालेला कार्यालयीन खर्च आणि नफा काढायला हडसन सूत्र लावा. सोपे आहे, आकडाही मोठा येतो.

उत्तर : मोठा येतो, म्हणूनच जपून. 12 कोटींचे काम, मुदत 12 महिने, निविदेत कार्यालयीन खर्च आणि नफा मिळून 10 टक्के धरलेले, विलंब सात महिने : सूत्राने महिन्याला 10 लाख, म्हणजे 70 लाख होतात. पण त्यामागे एक गृहीतक आहे : तुमची माणसे आणि भांडवल इथे अडकले नसते, तर दुसरीकडे तुम्ही तेवढेच कमावले असते. ते सिद्ध कोण करणार? सोडून द्याव्या लागलेल्या निविदा, त्या वर्षांचे ताळेबंद असे काही हातात हवे. मुंबईत माहुलच्या रिफायनरीतील सांडपाणी प्रकल्पाच्या 1992 च्या कंत्राटाचा वाद 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. न्यायालयाने अशी सूत्रे बारकाईने तपासली, आणि लवादाने कंत्राटदाराच्या बाजूने दिलेला निवाडा टिकला नाही. एकच नुकसान दोनदा मोजले जात नाही ना, हाही त्यातला कळीचा मुद्दा होता.

मी तरी साधा हिशेब करतो. यंत्राचे लॉगबुक, हजेरीपट, पीएफची चलने, भाड्याची बिले. आणि अडथळा नोंदवहीत रोजच्या रोज शाखा अभियंत्याची सही. स्वतःच्या पोकलेनला बाजारभावाचे पूर्ण भाडे लावू नका. उभे यंत्र डिझेल पीत नाही. त्या काळात तेच यंत्र शेजारच्या साइटवर चालले असेल तर उलटतपासणीत ते निघतेच, आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : अंतिम बिलावर ‘काही येणे नाही’ असे लिहून सही केली. नाहीतर पैसे निघत नव्हते. आता क्लेम गेला का?

उत्तर : आपोआप जात नाही. पण सही दबावाखाली घेतली असा नुसता आरोप पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या मास्टर कन्स्ट्रक्शन निकालात स्पष्ट केले आहे. पैसे अडवल्याची पत्रे, सहीनंतर लगेच नोंदवलेला निषेध, असे काय आहे ते काढा. दावा लावण्याची तीन वर्षांची मुदतही चालू आहे, हे विसरू नका.

प्रश्न : दुबईत 1999 च्या फिडिक रेड बुकवर, म्हणजे अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना करारावर, काम करतो. नकाशे उशिरा मिळाले; त्याला 40 दिवस झाले, नोटीस दिलेली नाही.

उत्तर : उपकलम 20.1 नुसार घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, 28 दिवसांत नोटीस हवी. चुकली तर वेळही नाही आणि पैसेही नाहीत. तरी आजच पाठवा. स्थानिक कायद्यात काही आधार मिळतो का, ते तिथल्या वकिलाला विचारा. यापुढचे नकाशे ज्या दिवशी यायचे होते आणि आले नाहीत, त्याच दिवशी अर्ध्या पानाची नोटीस द्या. त्यात रक्कम लागत नाही. सविस्तर हिशेबाला 42 दिवस आहेत, 2017 च्या आवृत्तीत 84.