नळी झिजते की जळते?

प्रश्न असा आहे: रायफलींवरच्या एका लेखाचे मराठी करताना ‘बॅरल लाइफ’ला ‘नळीचे आयुष्य’ आणि ‘बॅरल बर्नर’ जातीच्या काडतुसाला ‘नळी झिजवणारे काडतूस’ म्हटलेले चालेल का? शिवाय ‘ओव्हरबोअर’, ‘परफॉर्मन्स’ आणि ‘सेटबॅक’ यांना काय म्हणावे?

पहिले चालेल. दुसरे नको, कारण त्याने वाचकाच्या डोक्यात चुकीचे चित्र उभे राहते. झिजणे म्हणजे घासून घासून कमी होणे. गोळीचे तांब्याचे वेष्टन नळीच्या पोलादाला घासत जाते हे खरे. पण नळी निकामी होते ती मुख्यत्वे त्यामुळे नाही. पेटलेल्या दारूचे वायू पोलादाच्या वितळणबिंदूपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असतात. त्यांचा स्पर्श एक-दीड मिलिसेकंदाचा, पण तेवढ्यात आतला पातळ थर तापतो, कडक आणि ठिसूळ होतो, आणि निवताना त्याला बारीक भेगा पडतात. पुढच्या बाराचे वायू आणि न जळालेले दारूचे कण त्या भेगांच्या कडा खरवडून नेतात. बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आत पाहायची बारीक दुर्बीण, आत घालून पाहिले तर घशाशी, म्हणजे काडतुसाच्या लगेच पुढे, आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखे भेगांचे जाळे दिसते, आणि नळीच्या तोंडाकडच्या पीळदार खाचा मात्र नव्यासारख्या असतात. वास्तविक गोळीचा वेग तोंडाशी सर्वांत जास्त. निव्वळ घर्षणाचा दोष असता तर तिथे काहीतरी दिसायला हवे होते. तेव्हा ‘नळी जाळणारे काडतूस’ असेच लिहावे.

‘घसा’ हा शब्दही बिनधास्त वापरावा. पुंगळीचे (काडतुसाच्या दारू भरलेल्या धातूच्या कवचाचे) तोंड संपते तिथपासून गोळी त्या खाचांमधल्या कंगोऱ्यांना भिडते तिथपर्यंतचा भाग म्हणजे घसा. सगळी कथा तिथेच घडते.

‘ओव्हरबोअर’साठी मी ‘नळीला डोईजड काडतूस’ सुचवेन. नळीच्या छिद्राच्या मानाने पुंगळीचे पोट मोठे, एवढाच अर्थ. तो आकड्यात मांडता येतो: पुंगळीत मावणारे पाणी ग्रेन या वजनाच्या मापात घ्यायचे आणि त्याला छिद्राच्या चौरस इंचातल्या क्षेत्रफळाने भागायचे. .३०८ विंचेस्टर या काडतुसाला उत्तर येते ७५०च्या आसपास, ६.५ क्रीडमूरला ९६०, .२४३ विंचेस्टरला ११६० आणि .२६४ विंचेस्टर मॅग्नमला जवळजवळ १५००. हजाराच्या पुढे गेले की काडतूस डोईजड, असे ढोबळमानाने धरतात.

इथे एक गैरसमज हमखास होतो, की जास्त दाब म्हणजे जास्त नुकसान. .३०८ आणि ६.५ क्रीडमूर या दोघांची कमाल दाबाची अमेरिकी मर्यादा एकच, ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड); .२४३ची तर ६०,०००. तरीही नेमबाजीच्या स्पर्धांत .३०८ची नळी साधारण ५,००० बार टिकते, क्रीडमूरची अडीच-तीन हजार आणि .२४३ची दीड-दोन हजार. दारू जवळपास तेवढीच, पण तिचे वायू अरुंद छिद्रातून जायचे, म्हणून घशाच्या दर चौरस इंचावर जास्त उष्णता. दाबाला काहीच महत्त्व नाही असे नव्हे, पण खरा हिशेब उष्णतेचा आहे.

‘परफॉर्मन्स’चे मात्र सरसकट ‘कामगिरी’ करू नये. मूळ लेखक वेगाबद्दल बोलतोय की अचूकतेबद्दल, ते पाहावे. बहुतेक ठिकाणी ‘वेग’ हाच नेमका शब्द निघेल. १४० ग्रेनची गोळी क्रीडमूरमधून सेकंदाला सुमारे २,७०० फुटांनी सुटते, .२६४ मॅग्नममधून ३,००० फुटांनी. पुंगळीत दीडपटीहून जास्त जागा आणि वेगात वाढ जेमतेम दहा-अकरा टक्के! लांबच्या शिकारीसाठी वर्षाकाठी मोजकेच बार काढणाऱ्याला हा सौदा परवडतो, दर आठवड्याला सराव करणाऱ्याला नाही.

नळीचे आयुष्य वर्षांत नव्हे, बारांत मोजतात, आणि ‘संपले’ कधी म्हणायचे हेही वापरावर ठरते. शिकारीसाठी निरुपद्रवी ठरणारा फरक लक्ष्यनेमबाजाला बाद करतो. लक्षणे ठरलेली: दारूचा तोच भार असताना वेग उतरतो, गट फुटतो (लक्ष्यावरची छिद्रे विखुरतात), मधूनच एखादी गोळी भलतीकडे जाते. नळी नवी असतानाच गोळी कंगोऱ्यांना कुठे टेकते ते मोजून लिहून ठेवावे आणि दर काहीशे बारांनी पुन्हा मोजावे. ‘घसा पुढे सरकला’ म्हणतात तो हाच वाढलेला फरक. हातभरणी करणारे, म्हणजे स्वतः काडतुसे भरणारे, गोळी थोडी बाहेर बसवून तो भरून काढतात, पण मॅगझीनची लांबी आड आली की तो मार्ग खुंटतो. मात्र नळी मोडीत काढण्याआधी घशात साचलेले कार्बनचे (काजळीचे) कडे साफ करावे. त्या कड्यामुळेही गट बिघडतात, आणि चांगली नळी उगाच फेकली जाते.

आयुष्य वाढवायचे तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे थांबणे. तापलेल्या नळीतून घाईने काढलेले वीस बार सावकाश काढलेल्या वीस बारांपेक्षा बरेच महागात पडतात. नळीवर हात ठेववत नसेल तर बोल्ट उघडा ठेवून निवू द्यावे. नायट्रोग्लिसरीनयुक्त दुहेरी दारूची ज्योत सहसा जास्त तप्त, म्हणून बेताच्या वेगावर भागत असेल तर नायट्रोग्लिसरीन नसलेली एकेरी दारू बरी.

शेवटचा शब्द ‘सेटबॅक’. त्याला ‘पीछेहाट’ असे भाषांतर मी पाहिले आहे. कृपया करू नये. नळीची जाडी आणि लांबी पुरेशी असेल तर गनस्मिथ मागचा जळका भाग कापतो, आटे नव्याने पाडतो आणि काडतुसाचा कप्पा पुन्हा कोरतो. साधे ‘नळी मागून कापून घेणे’ पुरते.